पत्र्याचा घाम

या बाई, अशा जवळ या. उंबऱ्यावर बसून बोललेलं मला अलीकडं नीट ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते लांबून सांगण्यासारखं नाही. आधी थोडं रागावून घेते. दिवाळीसाठी घर झाडलं, डबे घासले, पंख्याची पातीसुद्धा पुसली म्हणता. चांगलं केलं. पण पंख्याच्या वर काय आहे ते कधी बघितलं? वरचा पत्रा आणि खालचं छत यांच्यामध्ये जी जागा असते, जिथं आपण जुना पाळणा, फुटकं टोपलं आणि लग्नात आलेली नको असलेली भांडी ढकलून देतो, तिथं शेवटचं कोण डोकावलं होतं? आठवत नाही ना. आणि घर गळायला लागलं की मिस्त्रीला शिव्या द्यायला मात्र तुम्ही सगळ्यांत पुढं.

त्या शिव्या खाणारी बाई मी. चाळीसएक वर्षं नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत घरांवर पत्रे घातले. शिकले कुठं विचाराल तर कुठंच नाही. काम घेतलं होतं आमच्या मालकांनी, आणि घेतल्यावर त्यांना कळलं की शिडीच्या चौथ्या पायरीवर त्यांचे पाय कापतात. घेतलेलं काम सोडायचं कसं? मग मी पदर खोचला आणि चढले. ते खाली उभं राहून माप सांगायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, चहा घ्यायचे. लोक त्यांनाच विचारायचे, "मिस्त्री, कुठवर आलं?" मालक मान वर करून माझ्याकडं बघायचे, मी मान हलवली की म्हणायचे, "झालंच." असे आम्ही दोघं मिळून एक मिस्त्री होतो. ते गेल्यावर लोकांना पहिल्यांदा कळलं, की मिस्त्री अजून जिवंत आहे.

पण पत्रा ठोकणं वेगळं आणि छत समजणं वेगळं. ते समजावलं इस्माईलभाईंनी. नांदेडात इतवाऱ्यात त्यांचं पत्रेकामाचं लहानसं दुकान होतं. चाळण्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या करायचे. मी घातलेलं एक छत पाऊस नसताना गळायला लागलं, म्हणून मी रडकुंडीला येऊन त्यांच्याकडं गेले. भोकं बुजवायला डांबर द्या, मी म्हणाले. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "आपा, पत्रा रोता नै. उसकू पसीना आता. डांबर से पसीना रुकता क्या?"

घरी जाऊन मी भाकरीच्या टोपल्यावरचं ताट उचललं आणि मला सगळं कळलं. तुम्हीही बघा. गरम भाकरी टोपल्यात ठेवून वर ताट झाकलं, की थोड्या वेळानं ताटाला आतून पाणी सुटतं आणि वरची भाकरी चिंब होते. ताट गळतं का? नाही. भाकरीची वाफ वर जाते, गार ताटाला लागते, तिचं पाणी होतं. घराचं असंच. चुलीची वाफ, आंघोळीच्या पाण्याची वाफ, माणसांचा श्वास, सगळं वर जातं. थंडीत पहाटे पत्रा बर्फागत गार असतो. वाफ त्याला लागली की झालं पाणी. ते वाशांवर टपकतं, वासे कुजतात, पत्रे धरणारे हूक गंजतात, वाळवीला आमंत्रण जातं. उन्हाळ्यात उलटं. तीच कोंडलेली जागा भट्टी होते, लाकूड तडकतं, पत्रा फुगून फुगून हुकांची भोकं मोठी करतो. म्हणजे छत वरून पावसानं मरतं त्याहून जास्त आतून मरतं. आणि औषध काय? दोन भोकं. खाली वळचणीला फट ठेवायची, तिथून गार हवा आत येते. वर आढ्याजवळ झरोका ठेवायचा, तिथून कोंडलेली हवा बाहेर जाते. उंदीर-कबुतरासाठी जाळी. झालं. एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं लोकांशी भांडले.

कारण आपल्या माणसांना भोक बघवत नाही. भोक दिसलं की बुजवायचं. धर्माबादला मिरचीचे एक व्यापारी होते, शेठजी. त्यांच्या गोदामाचे सगळे झरोके त्यांनी विटांनी बंद केले, चोर येतील म्हणून. झरोका वीतभर. मी विचारलं, शेठजी, एवढा बारीक चोर धर्माबादेत आहे तरी कोण? ते म्हणाले, "माणसाचा काय भरोसा, बाई." पुढच्या पावसाळ्यात लाल मिरची आतल्या आत काळी पडली आणि त्यांनी मला बोलावलं. मी वर चढून पहिली वीट काढली. आतली कोंडलेली हवा जी बाहेर सुटली, ती चार पोती मिरचीची भुकटी घेऊन सुटली. मी शिंकले, खाली शेठजी शिंकले, समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून शिंकला आणि त्याचं गिऱ्हाईक खुर्ची सोडून पळालं. सगळी गल्ली शिंकत होती. गरम हवा वर जाते आणि वाट मिळाली की बाहेर पडते, याचा याहून चांगला पुरावा मला आजवर देता आलेला नाही. शेठजींनी डोळे पुसत पुसत बाकीच्या विटा काढायला सांगितलं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असते. आता ज्यात तोरा उतरला ते सांगते.

लातूरला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या घराचं छत माझ्या हातचं सगळ्यांत देखणं काम. खाली जुन्या घराची तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, ते तसंच ठेवलं. त्याच्यावर बाभळीचे वासे, वर पत्रा, आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींना दोन-दोन असे चार झरोके. पंधरा वर्षं त्या छतातून थेंब पडला नाही. गुरुजी आल्यागेल्याला मान वर करायला लावून दाखवायचे. त्यांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं आणि माझं तर बहिणीबहिणीसारखं.

दोन वर्षांमागं पौषात त्यांच्या मुलाचा, संतोषचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "मावशी, तुमच्या छतानं आमचं घर मोडलं."

मी म्हटलं, पडलं का काय? तर पडलं नव्हतं. गळत होतं, तीन हिवाळे. आधी डाग पडले, मग थेंब. पावसाळ्यात बेताचं, आणि थंडीत, आभाळ कोरडं ठक्क असताना जास्त. एका कारागिरानं वरून डांबर फासलं. दुसऱ्यानं हुकांखालचे सगळे वायसर बदलले. तिसऱ्यानं तर पत्र्याच्या खालून प्लास्टिकचा कागद ताणला, म्हणजे घाम यायचाच तो आणखी निवांत यायला लागला. पण संतोष म्हणत होता ते घर वेगळंच होतं. त्याची बायको जयश्री पंचमीला निलंग्याला माहेरी गेली होती, ती दसरा, दिवाळी गेली तरी आली नव्हती. तिला आणायचं कुणी बोलत नव्हतं.

कारण असं, की छत गळायला लागलं ते बरोबर जयश्री लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात. सुमनवहिनी पहिल्यांदा हसत हसतच म्हणाल्या होत्या, "सून आली आन् छताला पाझर फुटला." शेजारणी हसल्या. मग दुसऱ्या हिवाळ्यात थेंब नेमका देवघरावर पडला, तेव्हा तेच वाक्य न हसता म्हटलं गेलं. तिसऱ्या वर्षी ते वाक्य गल्लीचं झालं. शांत करून झाली, जयश्रीकडून अकरा सोमवार करवून झाले. छतानं सोमवार पाळले नाहीत. शेवटी जयश्री पंचमीला म्हणून गेली आणि निलंग्याहून निरोप आला, की तुमचं छत कोरडं झालं की सांगा, मग येते. वहिनींनी उलट निरोप धाडला, की काम सुरू हाय, घरात निजायला जागा न्हाई, सावकाश ये. दोन्ही निरोपांचा अर्थ सगळ्यांना कळत होता. निलंग्याचे लोक आता सामान न्यायला यायच्या गोष्टी करून राहिले होते.

संतोष म्हणाला, "मावशी, लाकूड वाईट होतं म्हना, पत्रा वाईट होता म्हना, पन आईसमोर म्हना. मला बायको पायजे."

मी म्हटलं, उद्या पहाटे येते. माझं लाकूड वाईट नव्हतं. ते दाखवायचं असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, त्या पोरीपेक्षा मला माझ्या नावाची जास्त काळजी होती.

आदल्या दिवशीच्या गाडीनं जाऊन लातुरात भाचीकडं मुक्काम केला आणि दिवस उगवायच्या वक्ताला गुरुजींच्या घरी पोचले. वहिनींनी दार उघडलं. एरवी "या की" म्हणून हात धरणारी बाई, त्या दिवशी बाजूला सरकून उभी राहिली. मी तक्तपोशीतली सरकती फळी काढून वर डोकं घातलं. आत काळाकुट्ट अंधार. बॅटरी मारली. पत्र्याला आतून टपोरे थेंब, ओळीनं लागलेले, प्लास्टिकच्या कागदात पाण्याच्या पखाली. पाच वासे बोटानं कुरतडावेत इतके मऊ. भाकरीवरचं ताट.

खाली उतरून म्हटलं, गळत नाही, घाम आलाय. पण मग मलाच कळेना. मी ठेवलेल्या चार झरोक्यांतून हवा खेळत असताना घाम यायचं कारण काय? आणि दिवस उगवला तरी आत अंधार कसा? चार झरोक्यांचे चार उजेड दिसायला पाहिजे होते.

बाहेरून शिडी लावली. संतोषनं धरली. गुरुजी मफलर गुंडाळून उभे, वहिनी दारात. पहिल्या झरोक्यात हात घातला तर जाळीच्या आत घट्ट बोळा. ओढून काढला. आत लुगड्याचा कपडा, हिरवट, मोठ्या काठाचं जुनं नऊवारी. भिजू नये म्हणून वरून सिमेंटच्या पोत्याचं प्लास्टिक. आणि वरून बांधायची तार, तीन वेढे देऊन पीळ मारलेली. पीळ डावीकडं.

बाई, मी डावखुरी आहे. लातुरात डावा पीळ मारणारा दुसरा कारागीर मला माहीत नाही. मी शिडीवरच थांबले.

सगळं आठवलं. त्याच्या तीन वर्षं आधी, माघात, गुरुजींची लेक मीरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकरू अशक्त, कापसात ठेवल्यासारखं. मी शेजारच्या गल्लीत एका शेडच्या कामाला आले होते, बाळंतीण बघायला म्हणून गेले. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या. म्हणाल्या, वरून गार वारं येतं, तक्तपोशीच्या फटीतून झिरपतं, लेकराला बाधलं तर? तुमी तेवढं वर चढून बुजवा. आता मी, जिनं धर्माबादच्या शेठजींची थट्टा केली ती, काय म्हणाले असेन? काही नाही म्हणाले. त्या घडीला मी पत्रेवाली नव्हते, चार बाळंतपणं केलेली बाई होते. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नसतं. वहिनींनी पेटीतलं लुगडं काढलं, फाडून चार तुकडे केले, मी चढले आणि चारही झरोके असे बुजवले की मुंगी जाऊ नये. काम करायचं तर चांगलं करायचं, ही माझी जुनी खोड. सव्वा महिना झाला की येऊन काढते म्हणाले. सव्वा महिन्यानंतर मी देगलूरला एका शाळेच्या छतावर होते. खाली शेगडी, शेक, ओव्याची धुरी, दोन वेळचं कढत पाणी. वर सगळं बंद. मीरा सासरी गेली, लेकरू बाळसं धरून रांगायला लागलं. आणि त्याच महिन्यात संतोषचं लग्न झालं, जयश्री आली.

शिडीवरून मी खाली बघितलं. वहिनींची नजर माझ्यावर नव्हती, बोळ्यावर होती. स्वतःचं लुगडं कुणी बाई विसरत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. गुरुजी खालून विचारत होते, "काय निघालं? उंदराचं घरटं का?"

किती सोपं होतं बाई. हाव, उंदीरच, म्हटलं असतं की झालं असतं. उंदीर काही अब्रूचा दावा लावत नाहीत. माझं नाव राहिलं असतं, वहिनींचं राहिलं असतं, छतही कोरडं झालं असतं. जयश्रीचं काय झालं असतं? लोक म्हणाले असते, बघा, ती गेली आन् छत थांबलं.

खाली उतरले. म्हटलं, आधी चहा करा. चहा झाला, कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. हे उंदरांनी नाही, मी घातलंय. मीराच्या बाळंतपणात, सव्वा महिन्यासाठी. काढायचं विसरले. लाकूड चांगलं होतं, पत्रा चांगला होता, सून चांगली होती. मिस्त्री विसराळू निघाली.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आयुष्यभर मुलांना बाष्पीभवन शिकवलेला माणूस. त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली असावी. बोलल्या वहिनी.

"मी बुजवा म्हनले असंन. पन काढायची आठवन तुमी ठेवायची का मी? छत तुमचं काम."

"माझंच," मी म्हटलं. "आन् पायगुन कुनाचं काम, वहिनी?"

मग वहिनी उठल्या, बोळा उचलला, अंगणात नेऊन त्याचा पीळ सोडत बसल्या. डावा पीळ उजव्या हातानं सुटत नाही. मी मदतीला गेले नाही.

पाच दिवस मी तिथं राहून ते छत दुरुस्त केलं. पाच वासे बदलले, प्लास्टिक फाडून काढलं, वळचणीची फट डांबरानं बुजली होती ती मोकळी केली, झरोके साफ केले. सहाव्या पहाटे फळी सरकवून बघितलं. चार कोपऱ्यांत चार उजेड, आणि पत्रा कोरडा. वहिनींनी खालून विचारलं, "हाय का काही?" मी म्हटलं, स्वतः बघा. साठी ओलांडलेली बाई स्टुलावर चढली, वर हात घालून पत्र्यावर तळवा फिरवला, हात बघितला, उतरली. म्हणाली, "निलंग्याला येता का माझ्यासंगं?"

आम्ही एसटीनं गेलो. वहिनी वाटभर पिशवीचा बंद चाळवत होत्या. जयश्रीच्या माहेरच्यांनी बसायला घातलं, पाणी दिलं, आणि बाकी सगळे असे गप्प बसले की पाणीसुद्धा मोठ्यानं प्यायल्यासारखं वाटलं. जयश्री आतल्या दाराशी उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, ते जास्त वाईट. तिनं सासूला एवढंच विचारलं, "आत्या, छताचं गळायचं थांबलं का?"

मी तोंड उघडणार होते. घाम, वाफ, झरोके, सगळं तोंडपाठ होतं. वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"ते गळतच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "आमीच बुजवलं होतं. मी आन् हिनं."

त्या घरात सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर. माफी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि तो पुढंही कुणी ऐकला नाही. पण मराठवाड्यातली सासू सुनेच्या माहेरी जाऊन याहून जास्त बोललेली मी तरी बघितली नाही.

जयश्री दारातून पुढं आली. मग म्हणाली, "संक्रांत हितं करते. मग येते. आन् आल्यावर वर काय हाय ते मला दाखवायचं, मीच बघत जाईन." लगेच पिशवी भरून निघाली नाही, ते मला फार आवडलं. संक्रांत झाली, हळदीकुंकू झालं, मग आली. हिवाळ्याच्या तोंडाला ती शिडी लावून चारही झरोके साफ करते. वहिनी खाली शिडी धरतात आणि वरचीला सूचना देत राहतात, ज्या ती ऐकत नाही.

माझं म्हणाल तर लातुरात आता लोक मला काम देताना हसतात. "मावशी, बोळे घालनार न्हाई ना?" मी म्हणते, बाळंतीण असेल तर आधीच सांगा. नांदेडला अजून माझं नाव शाबूत आहे, पण तुम्ही हे लिहून घेताय, ते छापून आलं की तेही जाईल. जाऊ द्या. त्या घरी अजून एक गोष्ट खरी आहे, की मीराच्या लेकराला त्या थंडीत साधी सर्दीसुद्धा झाली नाही. बोळे चुकीचे होते का, असं कुणी विचारलं तर मला अजून सरळ उत्तर देता येत नाही. सव्वा महिना ठीक होता. तीन वर्षं नव्हे.

आता उठा, उशीर झाला तुम्हाला. घरी गेल्यावर शिडी लावा आणि एकदा वर बघा. आणि मग माझ्याकडं या, निवांत दोन दिवस राहायला या. झरोक्यातून काय निघालं ते सांगा. कुणी घातलं होतं ते आठवत असेल तर तेही सांगा. मी हसणार नाही, तो हक्क मला उरलेला नाही. फक्त थंडी पडायच्या आत या बाई, लवकर या.